कानबाईचा रोट

श्रावणातला सोमवार, संध्याकाळ

आप्पांना आता नगरसेवकपद पुरत नाही, महापौर व्हायचंय. आज तसं जाहीर केलं आणि पक्षाच्या शहरप्रमुखांना गोडादरा भागातल्या आपल्या घरी जेवायला बोलावलं. त्यांच्या ताटात स्वतःच्या हातानं कानबाईचा रोट, देवीच्या नैवेद्याची जाड पोळी, वाढला. रोट! भाऊबंदांशिवाय कुणाला द्यायचा नसतो तो. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात माहेरी आले आणि हात पुढे केला, तर आप्पांनीच ताट मागे ओढलं होतं. "तू आते परका घरनी." लग्न झालं, की लेक परक्या घरची. तेव्हापासून मी रोट नुसता बघते. आणि हे साहेब कुठले भाऊबंद? अर्धा रोट तर त्यांनी टाकलाच.

मी सासरी परत निघताना आप्पा म्हणाले, उद्या बाकीच्या नगरसेवकांना भेटायला सोबत चल, चांगलं दिसतं. "घरनी पोर संगे राहिनी का, बरं दिखस."