माय फ्रान्सात, मी चुलीपाशी

१८ मे, रविवार

गेली एकदाची! मोपाच्या विमानतळावर सोडून आत्ता घरी पोचलो. सासूबाई, म्हणजे आमची माय, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी फ्रान्सला. धाकटा दीर लिओन आणि त्याची बायको ग्लेनिशा तिथल्या एका खेड्यात कुणा म्हाताऱ्या मालकाचं शेत आणि पाहुण्यांच्या खोल्या सांभाळतात. तीन महिने राहायला बोलावलंय.

आत जाताना वळली. मला वाटलं, काहीतरी चांगलं बोलेल. म्हणाली, "भाताक पाणी कमी घाल गो. तू पेज करतंस."

पंधरा वर्षं तिच्या हाताखाली रांधतेय. हा निरोप!

असो. तीन महिने चुलीवर माझं राज्य.

२१ मे

पाऊस. मे महिन्यात! रतांब्याची सोलं, म्हणजे कोकमं, अंगणात वाळत होती, आत ओढेपर्यंत निम्मी भिजली. माय असती तर वाऱ्याचा वास घेऊन आदल्या दिवशीच ओरडली असती. बरंच झालं, नव्हती.

२६ मे

आज व्हिडिओ कॉल. दगडी घर, निळ्या खिडक्या, भिंतीवर चढलेला गुलाब. अक्रोडाच्या झाडाखाली टेबल, आणि टेबलाशी माय. हो, खुर्चीत! इथे पाटाशिवाय बसत नाही.

ग्लेनिशाने म्हणे तिच्यासाठी सूप केलं. "मीठ जरा कमी आसा," माय म्हणते, "पण चेडवान मायेन केल्यान."

मायेने! माझ्या माशाच्या तिखल्यात मीठ कमी पडलं तर ताट पुढे सरकवून बसते, तेव्हा माया कुठे जाते? ही ग्लेनिशा म्हापशाची. लग्न होऊन आली तेव्हा बांगडा कुठल्या बाजूने साफ करायचा ते मला विचारलं होतं तिने. पोर्तुगीज पासपोर्ट घेतला, लिओनला घेऊन उडाली, आणि आता सासूही पळवली.

(पळवली असं लिहायला नको. खोडणार मात्र नाही.)

४ जून

सकाळी शेजारची शेवंती धावत आली, हातात मोबाइल. "मर्लिन, तुमची माय बगलंस? काय ग्वाड दिसता!"

बघितली. तिथे चेरी पिकल्यात. मालक म्हणाला, आंबट झाडावरच्या कुणी खात नाही, हव्या तर न्या. मायने ओंजळीत घेतल्या, चाखल्या आणि ठरवलं की हे तिथले रतांबेच. बिया काढल्या, मीठ लावलं, मालकाच्या गाडीच्या टपावर चादर पसरून वाळत घातल्या. हात कोपरापर्यंत लाल. मालक शहरात जायला निघाला तर गाडीवर सोलं! ग्लेनिशाने सगळं टिपून लोकांना दाखवलं. आमचा अख्खा वाडा हसतोय, कौतुकाने.

माझी सोलं कुजली त्याचा व्हिडिओ कुणी काढला नाही. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काय उगाच?

८ जून

तिथे अजून पावसाची तयारी. मृग लागायचा म्हणून मायने लिओनला कामाला लावलंय. सरपण पडवीत रचलं, त्यावर प्लास्टिक ओढलं, कांद्याच्या माळा वाशाला टांगल्या. मालकाची बायको सांगतेय, आमच्याकडे असा चार महिन्यांचा पाऊस नसतो. मायचं उत्तर: "पाऊस सगळ्यांक येता. तुमका काय वेगळो देव आसा?" ग्लेनिशाने हे भाषांतर करून सांगितलं तेव्हा ती बाई हसत हसत खाली बसली. आता रोज संध्याकाळी मायला भेटायला येते, चीज घेऊन.

इथे पडवीचं प्लास्टिक मी एकटीने ओढलं. माझा नवरा रोनाल्ड शिडी धरून उभा होता, पण त्याचं लक्ष मोबाइलमध्ये. मायच्या माळा बघत होता.

१९ जून

तिथे गवत कापायचे दिवस. रात्री दहापर्यंत उजेड असतो म्हणे. माय ग्लेनिशाबरोबर फिरायला जाते, हातात हात घालून. माझ्याबरोबर चर्चला जातानासुद्धा दहा पावलं पुढे चालते.

३ जुलै

लावणी सुरू. कंबर मोडली. लिहायला ताकद नाही.

१५ जुलै

काल तिथे त्यांचा कसला तरी मोठा दिवस. गावाच्या चौकात लांबच लांब टेबलं, सगळं गाव जेवायला, मग बाजा. आणि माय नाचली! मालकाचा हात धरून, डोक्याला फूल लावून. तिच्या गुडघ्यांना काय झालं होतं? इथे त्याच गुडघ्यांपायी मी पंधरा वर्षं विहिरीवर एकटी जातेय.

गुडघाभर चिखलात मी, आणि नाचते कोण!

रोनाल्डला म्हटलं तर म्हणतो, "नाचांदे गो. थंयची हवाच तशी आसा." म्हणजे आमची हवा वाईट. अंगाचा तिळपापड झाला, पण पेरणीचं उरलेलं बी झाकायचं होतं म्हणून उठले.

१० ऑगस्ट

माय अजून महिनाभर राहणार. ग्लेनिशाच्या पासपोर्टामुळे तिला तिथे राहायचं कार्डही मिळू शकतं म्हणे. कागद दिलेत. आता आलुबुखार काढायचे आहेत, मग द्राक्षं. तिथे पण प्रत्येक महिन्याला काहीतरी काढायचंच असतं, मग तिथेच काय एवढं? इथे नाही का काढायला काही?

रोनाल्ड आनंदात. "माय बरी रवता थंय. मजा करता."

दुरून डोंगर साजरे. जवळून बघून झाला असेल डोंगर, तर ये की परत.

२४ ऑगस्ट

आज जवळा करपला. चांगला खरपूस वास घरभर. मी चुलीपाशी उभी राहिले आणि वाट बघत राहिले. कुणी काही बोललं नाही. रोनाल्डने मुकाट्याने खाल्ला, पोरांनीही.

माय असती तर गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं असतं. आता ते सगळं ग्लेनिशाच्या वाट्याला येत असणार. सकाळी कॉलवर ऐकलं ना मी, "गो चेडवा, कांदो असो नाय चिरनत!" आणि ती खिदळतेय. तिला वाटतं, म्हातारी गंमत करते. त्या ओरडण्याची तिला काय किंमत! ते माझं होतं.

हे काय लिहितेय मी. झोपते.

३ सप्टेंबर

खालच्या मळ्यातलं हळवं, लवकर तयार होणारं भात पिवळं झालं. सोमवारी सायबिणीचं, म्हणजे मेरी मातेचं, फेस्त. दरवर्षी घरटी मूठभर कणसं चर्चमध्ये नेतो, फादर आशीर्वाद देतात. मग घरी आणून अल्ताराला, म्हणजे देव्हाऱ्याला, बांधायची, आणि त्यातले चार दाणे घालून नारळाच्या रसातली खीर; हेच आमचं नवं. बांधायची ती घरच्या थोरल्या बाईने. आमच्याकडे माय बांधते. मी दोरा धरते.

मायचा फोन आला. नेहमीपेक्षा हळू बोलत होती.

"फेस्ताक येवक जमाचा नाय गो. द्राक्षां काढूक माणसां कमी. सोळा तारखेक उतरतंय. कणसां चर्चीत ने, आशीर्वाद घे आणि सुपात झाकून ठेव. मी येवन बांधतंय. थांबशील मां?"

मागे ग्लेनिशा कुणाशी तरी फ्रेंचमध्ये हसत होती. "मम्मी, चल, चल!" करत होती.

मी म्हटलं, "बघूया."

"बघूया म्हणजे?"

"म्हणजे बघूया."

थांबते म्हटलं असतं तर जीभ झिजली असती का? पण म्हटलं नाही.

८ सप्टेंबर, फेस्त

लिहून टाकते, नाहीतर झोप लागणार नाही.

चर्चमधली मिस्सा झाली. कणसं आणली, सुपात ठेवली, वर पांढरं फडकं घातलं. खरंच ठेवली होती. थांबायचं ठरवलं होतं मी.

जेवायच्या वेळी शेवंती आली. मोबाइल पुढे. तिथे आज द्राक्षांचा पहिला दिवस. पहिला घड द्राक्षं काढणाऱ्यांतल्या सगळ्यात वडील बाईने कापायचा आणि तिथल्या चर्चमध्ये नेऊन ठेवायचा असं काहीतरी मालकाने ठरवलं. त्याने कात्री दिली मायच्या हातात. माय गवताची टोपी घालून, घड दोन्ही हातांवर घेऊन, दगडी चर्चमध्ये चाललीय. ग्लेनिशाने तिचं कोपर धरलंय. खाली मराठीत लिहिलंय, मुद्दाम मराठीत, म्हणजे आम्हाला कळावं: "आमच्या घरची थोरली."

आमच्या घरची! घर इथे आहे. चूल इथे आहे. ती नाचते, घड कापते, आणि आम्ही इथे सूप झाकून बसायचं, बाईसाहेबांची वाट बघत?

फडकं काढलं. कणसांची जुडी केली, तांबडा दोरा घेतला. रोनाल्ड मध्ये आला.

"थांब गो. माय जित्ती आसा. ती आसताना दुसऱ्या बायलेन बांधला तर काय होता, ठावक आसा मां तुका? मायन पयल्यांदा बांधल्यान, त्या दिसापासून आजी परत चुलीकडे इली नाय. खाटीवर बसली ती बसलीच."

"तुझी माय थंय थोरली झाली," मी म्हटलं. "हंय कोणीतरी होवक नको?"

तो बाहेर गेला. दोरा धरायला कुणी नव्हतं, दातात धरून गाठ मारली. खीर केली. फोटो काढला, अल्ताराचा, कणसांचा, खिरीच्या टोपाचा, आणि घरच्या ग्रुपवर टाकला. "आमचं नवं झालं."

आता बघू कशी गप्प बसते. सोळाला आल्याबरोबर दारातच भांडेल माझ्याशी. भांडू दे. भांडायला तरी येईल.

९ सप्टेंबर

फोटो बघितलाय तिने. उत्तर नाही.

१० सप्टेंबर

नाही.

१२ सप्टेंबर

आला फोन! मी तयारीत होते. कंबर कसूनच उचलला.

"फोटो बगलंय," माय म्हणाली. "बरां बांधलंस गो."

मला वाटलं टोमणा असेल. नव्हता.

"गाठ घट आसा?"

"आसा."

"खिरीक गूळ किती घातलंस?"

"अंदाजान."

"कोणाक विचारलंस?"

"कोणाक नाय."

"मगे झाला तर." मग म्हणाली, "तुझो हात बरो आसा. पयल्यापासूनच बरो होतो." आणि कोंबड्यांची चौकशी करून फोन ठेवला.

पंधरा वर्षांत पहिल्यांदा! मी दोनदा चूल पुसली, पुसलेलीच. ग्लेनिशाबाई, तुमच्या व्हिडिओंना हजार बदाम मिळोत. हे मला मिळालं. तुम्हाला नाही मिळालं.

रोनाल्डला सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "असा म्हटल्यान ती?" आणि विहिरीकडे गेला. आईचा लाडका लेक, त्यालाही पोटात दुखत असेल.

उद्या मायची खोली सारवते. खाटेखाली घुशीने माती काढलीय.

१४ सप्टेंबर, रविवार

लिओनचा फोन होता. माय येत नाही. कार्ड झालं, तिथेच राहणार.

मी विचारलं, ग्लेनिशाने अडवलं का? म्हणाला, "ग्लेनिशा कित्याक अडवतली? तीच रडता. माय तुका फोन केल्यान तेव्हापासून ब्याग भरून दाराकडे बसलेली. घड कापून इली तरी तिचां एकच, कणसां रवली आसतली, मर्लिन वाट बगत आसतली. संध्याकाळी तुझो फोटो इलो. बघत रवली, बघत रवली. मगे उठली आणि सगळी कापडां परत कपाटात लावल्यान. म्हणाली, घराक बाई गावली. आता मी जावन कोणाच्या चुलीकडे बसू?"

मला वाटलं होतं, चिडेल. चिडून येईल.

रोनाल्डला अजून सांगितलेलं नाही. तो मोपाला जायला गाडी सांगून आलाय.