येतो म्हणाले होते

रविवार, ३ नोव्हेंबर २०२४
पुस्तक संपत आलं. अमेरिकेतल्या नावाजलेल्या माणसांचं. रद्दीतलं, कव्हर नाही. ह्यांनीच आणलेलं — 'घे, तुला वाचायला परदेश!' जहाजातून उतरलेल्या माणसांपासून सुरू होतं. पहिल्या हिवाळ्यात त्यांच्यातली निम्मी मेली. उरलेल्यांनी तरी घरं बांधलीच.
आज जादूगारापर्यंत आले. हूदिनी. बेड्या, कुलपं, पाण्याच्या पेट्या — सगळ्यांतून सुटायचा.

मंगळवार, ५ नोव्हेंबर
जादूगार मेला, तेव्हाचं वाचलं. नवराबायकोचं आधीच ठरलेलं — आधी जाईल त्याने मागे राहील त्याला खुणेचा शब्द पाठवायचा. बायकोने दहा वर्षं वाट पाहिली. त्याच्या फोटोपाशी दिवा तेवत ठेवला. तिला पटेल असं काही आलं नाही. शेवटी तिनेच दिवा मालवला.
पुस्तक मिटलं. दारातला बल्ब भर उजेडात जळत होता. माझाच.

बुधवार, ६ नोव्हेंबर
आमचं ठरलेलं काही नव्हतं. त्या सकाळी हे चिकूचा टेम्पो घेऊन आशागडहून निघाले. 'येतो,' म्हणाले. मी म्हटलं, 'या.' रोजचंच. दुपारी हायवेवर, तलासरीच्या अलीकडे, सगळं संपलं.
घरी आणलं ते चादरीत. ते येणं नव्हे. येतो म्हणून गेलेला माणूस चालत यायला हवा. तेव्हापासून बल्ब विझवलेला नाही.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर
लेकीचा, जागृतीचा फोन. तलासरीला तिच्याकडे कायमची ये म्हणते. आणि आधी तो बल्ब बंद कर. 'येतो म्हणून गेलेले बाबा येत नाहीत आई, लाईटबिल मात्र येतं.' मी हसले. मग तीच रडली. तिला माझी काळजी वाटते — मी घरात एकटीच बोलत असते, असं रखमाबाईने कळवलंय. शेजारीण आहे की पोस्ट!
बोलत नाही मी. संध्याकाळी झोपाळ्याची कडी वाजते, तेव्हा 'बसा' म्हणते, एवढंच.

रविवार, १० नोव्हेंबर
वारा नव्हता. बाहेर चिकूचं पान हलत नव्हतं. पुढच्या खोलीतला झोपाळा हलत होता. एका बाजूला कललेला — माझी जागा सोडून कोणी बसावं तसा.
आज 'बसा' म्हणाले नाही. घाबरले.
वाट पाहणं सोपं. आलाच तर काय करायचं, हे त्या जादूगाराच्या बायकोलाही ठाऊक नसावं.

बुधवार, १३ नोव्हेंबर
जाणार.

शनिवार, १६ नोव्हेंबर
बल्ब काढला. फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवला. कुलूप लावलं. दाराकडे तोंड करून मुद्दाम म्हटलं, 'जाते.'
रखमाबाई निरोपाला आलेली. कडाडली, 'जाते काय म्हणतेस गं! येते म्हण.'
नाही म्हटलं. येते म्हटलं की कोणीतरी वाट बघत बसतं.
आत कडी वाजली. एकदाच. रखमाबाईनेही मान वळवली.

मंगळवार, १९ नोव्हेंबर. तलासरी.
जेवून डोळा लागला होता. जागी झाले तर जागृती उशाशी उभी. चेहरा पांढराफटक. म्हणाली, 'आई, तू झोपेत "या" म्हणालीस.'
मी विचारलं, 'त्याच्या आधी कोणी काही म्हणालं का?'
ती दाराकडे वळली. आणि भर दुपारी दारातला दिवा लावला.