दुपारी सून असते

सिस्टर, मी मामा. दवाखान्यात सगळ्याच वॉर्डबॉयना मामा म्हणायचे, म्हणून नीट सांगतो. नव्या मुलींना शिकवताना तुम्ही ज्याला खाटेवर आडवा करायचा, तो मी. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या हाताखाली शिकलेल्या मुलीसुद्धा आता रिटायर झाल्या असतील. माझी शाळा सातवीपर्यंत, तीही नापास, तेव्हा लिहिण्यात चुका होणार. घरात बोलायला कुणी नाही असं नाही. मुलगा आहे, सून आहे. पण जे सांगायचं आहे ते त्यांनाच सांगता येत नाही, म्हणून सकाळपासून कागद घेऊन बसलोय.

आमच्या हिला चैत्रात झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पुण्यात पंधरा दिवस ठेवून डॉक्टरांनी घरी पाठवलं, लघवीची नळी तशीच ठेवून. निघताना म्हणाले, आता औषधापेक्षा सेवा महत्त्वाची, दर दोन तासांनी कूस बदला. मुलगा हिंजवडीत कंपनीची गाडी चालवतो, उजाडायच्या आत जातो आणि दिवेलागणीनंतर येतो. म्हणून वाटणी केली. सकाळी अंग पुसणं, कपडे, चादर हे माझ्याकडे. दुपारी मी वावरात म्हशीपाशी जातो, तेव्हा भरवणं आणि कूस बदलणं सुनेकडे. रात्रीचं मुलगा आणि मी. मला वाटलं, जमेल. आयुष्यभर मी हेच तर बघितलं होतं. बघितलं कसलं, अंगावर करून घेतलं होतं.

तुमच्या त्या वर्गात रबराची बाहुली होती, तरी तुम्ही मला बोलवायचा. पहिल्या दिवशी मी कपाटामागं लपलो होतो, तुम्ही हाताला धरून आणलंत आणि मुलींना म्हणालात, "बाहुलीला लाज नसते. मामांना आहे. लाज असलेल्या माणसावर शिका." मग बारा-पंधरा मुली भोवती उभ्या, मी डोळे मिटून पडलेलो, आणि तुमचं बोलणं कानावर. पाणी कोपरानं बघा. जेवढं पुसायचं तेवढंच उघडं करा, बाकी झाकलेलं. हात लावण्याआधी सांगा, आता काय करणार ते. चादरीला सुरकुती ठेवू नका, पेशंटच्या अंगाखालची सुरकुती म्हणजे सुरी. मला हे सगळं खालून ठाऊक आहे, सिस्टर. कुणाचा हात गार, कुणाची नखं लागतात, कुणाच्या बांगड्या टोचतात. डोळे मिटूनही मला कळायचं कोण चांगली नर्स होणार. पण ज्याच्यावर पोळ्या लाटल्या त्या पोळपाटाला स्वयंपाक येतो का? आता माझ्या हातात बायको आहे आणि माझे हात काही शिकलेले नाहीत.

एकदा तुम्ही मला सगळ्यांसमोर बोललात. परीक्षेचा दिवस. धरणाच्या वरच्या वाडीतली एक बारकी मुलगी, माझ्यासारख्याला कुशीवर घेता घेता तिचे हात कापत होते. मला दया आली. मी चादरीखाली हळूच टाच रोवली आणि अंग ढकललं. ती खूश झाली, बाहेरून आलेल्या परीक्षकबाईसुद्धा. तुम्ही मात्र पुढं आलात.

"मामा, उठा. तुम्ही टाच लावलीत."

मी उठून बसलो.

"अर्धांगाचा पेशंट टाच लावत नाही. ही उद्या वॉर्डात एकटी असेल, तेव्हा तुमची टाच कुठून आणणार?"

तिला परत करायला लावलंत, गुडघा वाकवून, एक हात खांद्याला, एक कमरेला, आणि तिनं केलं. मी दोन दिवस तुमच्याशी बोललो नाही. आता हिला कुशीवर घेतो तेव्हा दर वेळी त्या ढकलण्याची वाट बघतो. पन्नास वर्षं जी बाई माझ्याआधी उठली, ती जराशी टाच लावेल असं वाटतं. नाही लावत. ओल्या पोत्यासारखी माझ्या अंगावर येते, आणि मीच घाबरतो की सुटेल.

पण चादर मी छान घालायचो. आडवी चादर ताणून, कोपरे पाकिटासारखे दुमडून. सून हसायची, "आबा, इतकी ताणू नगा, आत्याबाई घसरून खाली येत्याल." ती हसरी पोरगी आहे. पहिल्याच आठवड्यात भूगावच्या दुकानातून गाऊन घेऊन आली, फुलाफुलांचा, पुढून बटणाचा. म्हणाली, "आत्याबाईस्नी बरं पडंल, आन दिसत्याल बी हिरवीणीवानी." हिनं डाव्या हातानं तो गाऊन खाली टाकला. दोनदा टाकला. मग खुंटीवरच्या लुगड्याकडं बोट केलं. जन्मभर नऊवारी नेसलेली बाई. मी म्हणालो, राहू दे गाऊन, तिला आवडत नाही तर. आणि रोज सकाळी तिला लुगडं नेसवायला लागलो. पुरुषासारखा पुरुष, लुगडं नेसवणार कसा? पण जमायला लागलं. निऱ्या चुकल्या की ती डाव्या हातानं माझ्या मनगटावर मारायची. शेवटी कुशीवर करून कासोटा घट्ट खोचायचा. तो खोचला की तिच्या तोंडावर एकदम बरं दिसायचं, जशी आता उठून चुलीकडं जाणार. त्या तेवढ्या क्षणासाठी मी ते करायचो. दिवसात दुसरं काही बरं दिसायचं नाही.

आणि मी बघायचो नाही, सिस्टर. तिला माझी लाज वाटायची, मलाही वाटायची. पन्नास वर्षांत आम्ही एकमेकांना उजेडात कधी बघितलं नव्हतं. मी तिच्यावर चादर घालून, आत हात घालून पुसायचो, तोंड भिंतीकडं करून. जेवढं पुसायचं तेवढंच उघडं, हे तुमचं मी इतकं पाळलं की काहीच उघडं केलं नाही. मग तुम्ही शिकवलेलं पावडर, स्पिरिट, चोळणं, सगळं आतल्या आत. पाठ डोळ्यांनी बघा, लाल दिसलं तर बोटानं दाबा, दाबून पांढरं झालं नाही तर सावध व्हा, हेही तुम्ही शिकवलं होतंत. ते मी सोयीनं विसरलो.

गेल्या महिन्यात एका सकाळी हाताला ओलं लागलं. वास आला. तेव्हा उघडून बघितलं. माकडहाडावर रुपयाएवढी कातडी गेली होती आणि तिच्या वर-खाली लाल रेघा, एकीशेजारी एक. निऱ्यांच्या रेघा. कासोट्याची जाड घडी रोज तिच्या हाडाखाली होती आणि मी तिच्याखालची चादर ताणत बसलो होतो. तुम्ही दवाखाना सोडताना दिलेलं ते परिचर्येचं पुस्तक काढून बघितलं, बोट ठेवून ठेवून वाचलं. त्यात चादरीची सुरकुती आहे, बिस्किटाचे कण आहेत, लुगड्याचा कासोटा नाही. पण पुस्तकात नाही म्हणून मला कळू नये? रोज मीच खोचत होतो.

मग मी काय केलं ते ऐका. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना निरोप धाडला, आणि त्या यायच्या आत लुगडं सोडून धुवायला टाकलं आणि हिला तो गाऊन घातला. या वेळी हिनं तो फेकला नाही. माझ्याकडं बघत राहिली. सून आत आली. म्हणाली, "आबा, आज गाऊन कसा काय?" मी म्हणालो, "उकडतंय तिला."

नव्या सिस्टर तरुण आहेत, हात चांगला आहे, पाठीला लावण्याआधी हिला सांगितलं. मला म्हणाल्या, लाल जागा चोळू नका, स्पिरिट तर अजिबात नको, त्यानं जास्त बिघडतं. म्हणजे तुमचंही एक चुकलंच होतं, आणि मी तेवढंच नेमकं धरून बसलो होतो. मग त्यांनी विचारलं, कूस वेळेवर बदलता ना? मी सांगितलं, बदलतो. त्यांनी विचारलं, दुपारी? आणि मी म्हणालो, "दुपारी सून असते."

एवढंच बोललो. खोटं नव्हतं. पण त्यांनी मान हलवून वहीत काही लिहिलं, आणि संध्याकाळी मुलाला फोन केला. मुलगा आला तो चपला न काढताच बोलायला लागला. दिवसभर ट्रॅफिकमध्ये शिव्या खाऊन आलेला. "दुपारभर करती काय तू? मोबाईल बघत बसती व्हय?" ती म्हणाली, "दोनला फिरवलं, चारला फिरवलं, सा वाजता फिरवलं. आबांना इचारा." दोघांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "मी वावरात असतो. मला काय ठावं."

तिनं पदर तोंडाला लावला नाही, रडली नाही. दुसऱ्या दिवशी कॅलेंडरचं मागचं पान भिंतीला चिकटवलं आणि दुपारी कूस बदलली की पेन्सिलीनं फुली मारायला लागली, वेळ घालून. मोबाईलला गजर लावलाय. आता ती हसत नाही. चादर ताणलेली बघूनही काही म्हणत नाही. भूगावला एका सोसायटीतल्या पाळणाघरात तिला काम लागत होतं, बारा ते सहा. मुलं तिला आवडतात. शेजारच्या काकू दुपारी हिची कूस बदलताना माझ्या मदतीला येणार होत्या, तिनं सगळं ठरवलं होतं. मुलगा म्हणाला, घरातलं एक माणूस सांभाळता येईना, लोकांची पोरं काय सांभाळती. सोमवारी तिनं पाळणाघराच्या बाईंना हो की नाही कळवायचंय. आज शनिवार.

वॉर्डातली ती मुलगी आठवते, जिनं गरम पाण्याची पिशवी कापडात न गुंडाळता म्हाताऱ्याच्या पायावर ठेवली होती? पायाला जाणीव नव्हती, फोड आले. कुणाला कळलं नसतं. ती स्वतः धावत तुमच्याकडं आली. तुम्ही आधी म्हाताऱ्याचा पाय बघितलात, मग डॉक्टरांना बोलावलंत, मग तिला तुमच्या खुर्चीत बसवून मला चहा आणायला पाठवलंत. मी चहा घेऊन आलो तेव्हा तुम्ही तिला म्हणत होता, "सांगितलंस म्हणून त्याचा पाय वाचेल." ती अठरा वर्षांची असेल. मी पंच्याहत्तरीला आलो.

काल दुपारी वावरात गेलो नाही, हिच्यापाशी बसलो. हिला आता एकच शब्द येतो, "व्हय." पाणी पाहिजे का, व्हय. नको का, व्हय. तिला कळतं सगळं, तोंडात दुसरं येत नाही. सून भांडी घासत होती. मी हळू आवाजात विचारलं, "पोरास्नी सांगू का, कासोट्यानं झालं म्हणून?" म्हणाली, "व्हय." मग विचारलं, "ऱ्हाऊ दे का?" तर पुन्हा, "व्हय." मी तिच्या डोळ्यात बघायला पाहिजे होतं. मी भिंतीवरच्या फुल्या मोजायला लागलो.

हे लिहायला बसलो तेव्हा मनात होतं की कागद गादीवर विसरल्यासारखा ठेवायचा. सून बारावी झालेली आहे, माझं अक्षर तिला लागतं. तोंडानं होत नाही ते असं होईल. पण आता शेवटाला आलोय तर खरं ते लिहितो. मला लाज वाटते म्हणून मी गप्प नाही, लाजेचं काय, ती या वयात पेलते. तिला कळलं तर ती कामाला जाईल. मग दुपारी मी एकटा, काकू आल्या तर आल्या, आणि समोर ही, टाच न लावणारी. जखम अजून भरत नाही. मला दुपारची भीती वाटते, सिस्टर. म्हणून त्या पोरीला घरात अडकवून ठेवतोय.

ती आली, गजर वाजला. कागद घडी करून सदऱ्याच्या खिशात घालतो. सोमवार गेला की फाडून टाकीन, हेही आत्ताच ठरवलंय.