मोजमापाचा शुक्रवार

टोलीडोबाहेरचं एक मोटेल,
एप्रिल, मंगळवार

प्रिय मार्सी,

तुझं पत्र माझ्या मागे मागे फिरत काल इथे पोचलं. 'लेनी, मी अडाणी आहे असं समज आणि मला नीट समजावून सांग, माझ्या जोनाला कुणी घेणार आहे की नाही?' असं तू विचारलंस. फोन केला असतास तर मी हवापाण्याच्या गोष्टी करून ठेवून दिला असता. तू मला ओळखून आहेस, म्हणून कागद घेतलास. तर सांगतो. नाही घेणार. आपल्या अमेरिकन फुटबॉलचे बत्तीस मोठे संघ आहेत, त्यांतला एकही नाही, आणि पोरं हेरायची नोकरी करत ज्याचं मीठ मी इतकी वर्षं खाल्लं तो माझा संघही नाही. हे आधीच लिहून टाकलं, कारण पुढे लिहिता लिहिता माझा धीर सुटेल आणि काहीतरी गोडगोड लिहून मी मोकळा होईन.

तुझ्या दिराने, बर्नीने, विजेच्या तारांच्या कामावर जोनाचं नाव लावलंय, आणि येत्या सोमवारपर्यंत त्याने हो म्हटलं नाही तर ती उमेदवारी दुसऱ्या कुणाच्या पोराला जाईल, हेही तू लिहिलंस. कारखाना बंद पडल्यापासून आपल्या खोऱ्यात अशी जागा कुणाला मिळते गं? पक्का पगार, दवाखान्याचा खर्च, म्हातारपणी पेन्शन. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हे कुठलीही आई सांगेल. पण तुझ्याच्याने सांगवत नाही. 'तो त्या चेंडूवर जगतो लेनी, रिक गेल्यापासून त्याला दुसरं काही उरलेलं नाही. मी नको म्हटलं तर पोरगा मोडेल.' म्हणून ते मी सांगावं. वाईटपणा घ्यायला बाहेरचा माणूस बरा, हे बरोबरच आहे तुझं.

आधी त्याचं चांगलं सांगतो. पळता पळता जागच्या जागी थांबणं, ही रिसीव्हरची, म्हणजे धावत जाऊन चेंडू झेलणाऱ्याची, खरी विद्या. सरळ तर कुत्रंही धावतं. जोना ऐन वेगात असा थांबतो की त्याच्या मागावरचा गडी चार पावलं पुढे जाऊन गवताला मिठी मारतो, आणि तोवर हा वळून चेंडूची वाट बघत उभा असतो. ऑक्टोबरमधल्या त्या सामन्याला मी आलो होतो ना, तू रिकचं जुनं जाकीट घालून कुंपणाला टेकून उभी होतीस आणि न विचारताच थर्मासमधली कॉफी माझ्या हातात दिलीस, त्या दिवशी त्याने एकाच पोराला तीनदा तसं लोळवलं. तू म्हणालीस, 'अगदी रिकसारखा आहे बघ, घरात पण असाच दारात अडतो.' मी हसलो. पण इतकं सुरेख पावलांचं काम मी फार थोड्यांत पाहिलंय. हातही तसेच. चेंडू हातात आला की दाराला कडी बसावी तसा बसतो.

पण तो हातात यायला हवा. त्याच सामन्यात शेवटी शेवटी एक चेंडू त्याच्या बोटांना चाटून वरून गेला आणि मागे उभ्या समोरच्या संघाच्या गड्याने झेलला, आठवतं? तू फेकणाऱ्या पोराला शिव्या घातल्यास. चूक त्याची नव्हती मार्सी. मोठ्या मैदानावर समोर साडेसहा फुटांच्या माणसांची भिंत असते, तिच्यावरून चेंडू येतो, म्हणजे तो तेवढ्याच उंचीवर येणार. तिथे रोजच बोटांना चाटून जाईल. आणि थांबण्याची ती विद्या दाखवायला आधी पळायला तर मिळायला हवं. तिथले गडी सुरुवातीलाच छातीवर पंजा ठेवतात आणि हलू देत नाहीत. आपल्या जोनाचं वजन केवढं, त्यांच्या एका मांडीएवढं. आणखी एक सांगायचं होतं, तेव्हा सांगितलं नाही. मधल्या गर्दीत त्याला ती जबर धडक बसली, तो उठला आणि समोरच्या संघाच्या बाकाकडे चालू लागला. सगळे हसले, तूही हसलीस. मी हसलो नाही, डोक्याला मार बसला की माणूस अशीच दिशा विसरतो.

मी त्याच्यासाठी भांडलो असं तुला सांगायला मला आवडलं असतं. आमचा नवा साहेब तरणा आहे, पस्तिशीचा. त्याच्या यंत्रात उंचीची चाळण बसवलेली आहे, पाच फूट नऊच्या खालचं नाव त्याच्या टेबलापर्यंत येतच नाही. तरी मी नाव काढलं. तो म्हणाला, 'लेन, पोरगा गोड आहे हो, पण खिशात घालून न्यायचाय का?' आजवर कितीतरी पोरांसाठी मी टेबलं बडवली आहेत. या वेळी हात उचलला नाही, कारण तो नसता तरी मी हेच लिहिलं असतं. आमच्या धंद्यात ज्याला घ्यायचं असतं त्याचे दोष काढतात, आळशी आहे, उर्मट आहे, आईचं ऐकत नाही. ज्याला घ्यायचं नसतं त्याला म्हणतात, 'तू चांगला आहेस.' जोनाबद्दल सगळ्यांनी चांगलंच लिहिलंय.

आता मोजमापाचा शुक्रवार. मार्चमध्ये मोठ्या विद्यापीठाच्या हॉलमध्ये आजूबाजूच्या छोट्या कॉलेजांची पोरंही मोजायला आणतात. त्या दिवशी पोरं काय काय करतात ते तुला सांगितलं तर तू पोट धरून हसशील. सकाळी माणूस जरा उंच भरतो, दिवसभर उभं राहून दबतो, म्हणून काही जण गाडीच्या मागच्या सीटवर आडवे पडून येतात आणि नाव पुकारेपर्यंत जमिनीला पाय लावत नाहीत. काही जण दांडीला लोंबकळतात. वजनासाठी इतकं पाणी पितात की चालताना पोटात डबडब ऐकू येते. पंजा रुंद भरावा म्हणून आठ-आठ दिवस अंगठा ताणत बसतात. आम्हाला सगळं दिसतं, आम्ही बोलत नाही. मी तर त्याला लबाडी मानतच नाही. ज्याला भूक असते तोच असलं काहीतरी करतो.

जोना आला तेव्हा तिथल्या माणसाला घडीच्या खुर्च्या लावू लागत होता. सकाळपासून उभा. हजामत करून आलेला, डोक्यावर केसांचा आधारही नाही. तक्त्याला पाठ लावली, टाचा जमिनीला, हनुवटी खाली. पाच फूट सात इंच, वर एक सूत. कॉलेजच्या पुस्तिकेत पाच फूट दहा छापलंय. त्या पुस्तिकेत सगळेच वाढतात. मी हळूच म्हटलं, 'पोरा, वजनाआधी पाणी तरी पी.' तर म्हणाला, 'तहान नाही लेनकाका.' इतक्या वर्षांत पाणी न पिता काट्यावर चढलेला पोरगा मी पाहिला नव्हता. त्याच्या उंचीच्या आकड्यापेक्षा मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

तू ड्यूटीवर होतीस, म्हणून मीच त्याला गावात आणलं. लेंटचा, उपवासाचा शुक्रवार, बंबवाल्यांच्या फायर हॉलमध्ये मासे तळणं चाललेलं. स्टेलामावशी बटाट्याच्या सारणाच्या पिरोगी वाढत होत्या. त्यांनी त्याच्या ताटात भर घातली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, 'खा रे बाबा, टीव्हीवर दिसायचंय ना तुला? इतका बारका राहिलास तर कॅमेऱ्याला सापडायचा नाहीस!' जोना हसला, त्यांचा गालगुच्चा सोसला. मग कोपऱ्यात बसल्यावर मी विचारलं, पाणी का नाही प्यायलास ते. त्याने ताटातला कोबी बाजूला सारला. मग म्हणाला, 'काका, तुम्हीच सांगा, पाण्याने काय होणार होतं? मला शाळेत असल्यापासून माहीत आहे. मला खांबांवरचं काम आवडेलही कदाचित, उंच तरी वाटेल.' मग सोड की, मी म्हटलं, कोण अडवतंय तुला? तेव्हा त्याने मान वर केली. 'आईच्या शनिवारांचं काय करू?'

मला आधी कळलंच नाही. मग त्याने सांगितलं. 'बाबा गेल्यापासून आई आठवडाभर यंत्रासारखी काम करते, जेवताना बोलत नाही. शुक्रवारी रात्री मात्र थर्मास धुते, जाकीट काढते, नकाशा बघते. जाऊन-येऊन नऊ तास गाडी हाकते, कुंपणाशी उभी राहून पंचांना शिव्या देते, परतीच्या वाटेवर फोन करून सगळा सामना मलाच पुन्हा सांगते. तेवढा एक दिवस ती माझी आई असते, काका. खेळ संपला की ती शनिवारी काय करेल? म्हणून कुणी सरावाला बोलावलं तर जाईन, नाही बोलावलं तर कॅनडातल्या संघांत बघेन, नाहीतर पैसे न देणाऱ्या कुठल्यातरी भुक्कड संघात. तिला चार ठिकाणी गाडी घेऊन येता येईल एवढं बघेन. पण तिला यातलं काही सांगू नका. शपथ घ्या.' मी घेतली.

आता हे पत्र खरं कशासाठी लिहितोय ते. ती शपथ मी मोडतोय. पुढच्या शनिवारी, संघ नवी पोरं निवडून फोन करतात त्या दिवशी, तू फायर हॉल घेतलायस, सगळ्या गावासमोर टेबलावर त्याचा फोन ठेवणार आहेस, आणि तो वाजणार नाही, हे आता तुलाही ठाऊक आहे नि त्याला तर आधीपासूनच. तू त्याच्यासाठी थांबलीयस, तो तुझ्यासाठी थांबलाय, आणि सोमवार काही कुणासाठी थांबत नाही. म्हणून या रविवारी चर्चहून आलात की त्याला सांग, 'माझ्या शनिवारांची आता सोय झाली.' कशी म्हणून विचारलं तर माझं नाव घे. मे महिन्यापासून मी मोकळाच आहे. तरण्या साहेबाने मागच्या आठवड्यात मलाही सांगितलं, 'लेन, तुम्ही खरंच चांगले आहात.' सांग त्याला, लेनी दर शनिवारी येतो म्हणालाय, कुठे कुठे जायचं ठरलंय. तो विश्वास ठेवेल आणि सोमवारी बर्नीला हो म्हणेल. मी तुझ्या हातून कॉफी कशी घेतो ते त्याने पाहिलंय. मी पुन्हा काही विचारत नाहीये, मार्सी. त्या उन्हाळ्यात धरणावर विचारलं होतं तेव्हा तू म्हणालीस, 'लेनी, तू खूप चांगला आहेस', आणि पुढचं मला तेव्हाच कळलं होतं. तेव्हा हे खोटं म्हणूनच सांग, नि:शंक सांग. त्याची शंका फिटावी म्हणून मी शनिवारी येऊन गाडी तुझ्या दारासमोर लावीन आणि थोडा वेळ तिथेच बसून राहीन. तू दार उघडलंच पाहिजेस असं काही नाही.

तुझाच, निदान कागदावर तरी,
लेनी