तासाला एकदा तुझा आवाज

टकर्स फोर्ड, केंटकी
सोमवार, १४ ऑक्टोबर २०१९

प्रिय जॉनेट,

मी ठीक, आईचा गुडघा ठीक नाही. तू मजेत असशीलच, ते वेगळं विचारत नाही; तुझी गादीची जाहिरात परवा दंतवैद्याकडे ऐकली. गादीशी इतक्या लाडात बोलणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. दाढ उपटून घेताना तेवढाच विरंगुळा.

पत्र पाहून दचकली असशील. फोन केला असता, पण मग तुझा आवाज ऐकावा लागला असता.

एल्डन पाइकने तिसरं लग्न केलं. चर्चचं छत गळतंय. आणि आपलं रेडिओ स्टेशन बहुतेक बंद होणार.

'आपलं' आपलं सवयीने म्हणते. तू बाविसाव्या वर्षी नॅशव्हिलला निघून गेलीस. सव्वीस वर्षं झाली, रोज सकाळी सहाला मी माइकपाशी बसते. कोण वारलं, डुकरांचा भाव काय, कुणाचं कुत्रं हरवलं, कुणाला जुना ट्रॅक्टर देऊन गाय नाही तर निदान शेळी हवी आहे, सगळं मीच सांगते, आणि मधे मधे जुनी कंट्री गाणी लावते. तू या स्टेशनसाठी आयुष्यात सात सेकंद बोललीस. दर तासाला स्टेशनच्या नावाची चार अक्षरं आणि गावाचं नाव सांगावं लागतं, सरकारचा नियमच आहे. ते तू जायच्या आधी एका दुपारी च्युइंगम चघळत टेपवर बोलून टाकलंस. आपल्या मालकांनी, स्ट्राउडसाहेबांनी, ती टेप सव्वीस वर्षं वाजवली.

"तुझ्या बहिणीच्या आवाजात मध आहे गं," पोझीबाई दर रविवारी चर्चच्या पायरीवर मला सांगतात. माझ्या आवाजात काय आहे ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही. त्यांचे यजमान गेल्याची बातमी मी वाचली होती, तीही दोनदा, कारण पहिल्या वेळी रडण्यात त्यांना ऐकूच आली नाही.

असो. ऑगस्टमध्ये ती टेप खराब झाली. जुनीच होती. मग मी माझ्या आवाजात नवी केली.

पहिल्या दिवशी आठचा ठोका झाला आणि फोन वाजला.

"ट्वायला, स्टेशन विकलं का गं?"

"नाही हो, पोझीबाई. का?"

"मग आत्ता ती कोण परकी बाई बोलली?"

"मीच बोलले."

"अगं तू नव्हेस! ती नाव सांगणारी."

दुपारपर्यंत चाळीस फोन. होबार्ट लाइल म्हणाला, "त्या बाईचा आवाज ऐकून माझा कुत्रा पलंगाखाली गेलाय, जेवायलाही बाहेर येत नाही." मी म्हटलं, "तुझ्या हातचं जेवण असेल तर शहाणा आहे."

पण गावाने ठरवून टाकलं, की जॉनेट गेली म्हणजे स्टेशन गेलं. टॉवरच्या शेतात मोजमाप घेणारा माणूसही कुणीतरी पाहिला. ते खरंच होतं. सूर्याची वीज करणारी कंपनी ती जमीन दोन वर्षं मागतेय आणि स्ट्राउडसाहेब दोन वर्षं तिला हाकलतायत. आधी पेंडवाल्याने जाहिरात बंद केली, मग अंत्यसंस्कारवाल्यानेही. म्हणजे आता आपल्याकडे मेलेलेसुद्धा येत नाहीत.

स्ट्राउडसाहेब चौऱ्याऐंशीचे झाले. मला बोलावून म्हणाले, "लोकांनी मूठमाती देऊन टाकली, पोरी. मी किती दिवस छाती दाबत बसू? अठ्ठावीस तारखेला कंपनीच्या कागदावर सही करतो." मग थोड्या वेळाने म्हणाले, "एक करून बघ. शनिवारी, सव्वीसला, जॉनेटला बोलाव. दिवसभर दर तासाला तिने समोर बसून नाव सांगावं. गावाला कळू दे आपण आहोत. मग मी कुणालाही सही देत नाही."

"विचारते," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सांगितलं, "विचारलं. तिला वेळ नाही म्हणाली."

म्हातारा पुढची तबकडी शोधत राहिला. "मोठी झाली ती," एवढंच म्हणाला. तुझ्याबद्दल कुणीतरी एकदा तरी वाईट बोललं तर मला बरं वाटेल, असं मला कायम वाटायचं. वाटलंही. दुपारपर्यंत.

तुला कुणी विचारलं नव्हतं, हे आता कळलंच असेल.

टेपही खराब झाली नव्हती. टेपा पुसायचं चुंबक कपाटात असतं, तुला माहीत आहे. दोन सेकंद धरलं. मग खात्रीसाठी लावून ऐकली. नुसती खरखर. इतक्या वर्षांत तासाचा ठोका मला तेव्हा पहिल्यांदा आवडला.

हे सगळं लिहायचं कारण कालचं. चर्च आटोपून आईला घेऊन गाडीने घरी येत होते. एकचा ठोका झाला, रेडिओवर ती बाई बोलली. स्पष्ट, शुद्ध, एक अक्षर चुकलं नाही. आणि माझा हात आपोआप पुढे गेला, गाडीत भलतंच स्टेशन कसं लागलं ते बघायला.

आई म्हणाली, "काय गं, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही."

तर शनिवार, २६ तारीख. सहाला सुरू, सूर्य मावळला की बंद, आपल्याला तेवढीच परवानगी आहे. हे पत्र पेटीत टाकलं की मी थेट स्ट्राउडसाहेबांकडे जाऊन दोन्ही गोष्टी सांगणार आहे. आधी सांगायला गेले तर पत्र पिशवीतच राहील, मी मला ओळखते. ते मला काढून टाकतील कदाचित. तरी तू ये.

नाही काढलं, तर मधला कार्यक्रम माझाच राहील. तू फक्त नाव सांगायचं. एक शब्द जास्त बोललीस तर मी गाणं लावीन.

आणि जमलं तर जरा वाईट बोल.

तुझी, म्हणजे या गावात जिला सगळे नुसतं 'जॉनेटची बहीण' म्हणतात ती,
ट्वायला