पावशेर खवा आणि लिव्हरवरचा ठिपका

अण्णा, तुमच्या लेकीला डॉक्टरांनी खवा बंद केलाय. हे ऐकून तुम्ही उलथणं कढईत तसंच सोडून उठला असता, आणि आटत्या दुधात उलथणं सोडलं की खवा करपतो, हे भूमकडच्या खवेवाल्याला सांगावं लागत नाही. म्हणून आधीच सांगते, मी ठणठणीत आहे. आता पहिल्यापासून ऐका.

तुम्हाला जाऊन पस्तीस वर्षं झाली. मधल्या काळात मी शाळेत बाई झाले, भूमला घर बांधलं, आणि चार वर्षांपूर्वी मला स्तनाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले आणि परत आले ते कुरळे आले. तुम्ही न पाहिलेले तुमचे जावई म्हणतात, फुकटात पार्लर झालं. आता रोजची एक गोळी आहे, ती पाच वर्षं घ्यायची. केमो संपली तेव्हा माझं वजन त्रेचाळीस किलो होतं. गावाकडं तुमची खव्याची भट्टी चालवणारा तुमचा धाकटा लेक मला बघून अंगणातच रडला, आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या पहिल्या एसटीनं पावशेर ताजा खवा धाडू लागला. कंडक्टर स्टँडवर पिशवी हातात देताना म्हणायचा, "बाई, तुमचं औषध आलं बरं का." आजारातून उठलेल्या माणसाला खवा चारायचा, ही तर तुमचीच शिकवण. गल्लीनंही मनावर घेतलं. कुणाकडून खव्याची पोळी, कुणाच्या म्हशीचा खरवस, कुणी नुसतेच पेढे. दोन वर्षांत मी बहात्तर किलोची झाले. जो तो म्हणे, "बाई, लई सुधारल्या आता!" आणि मलाही ते ऐकायला फार आवडायचं.

दिवाळीनंतर कुशीत कळ आली. मुतखडा असेल म्हणून सोनोग्राफी केली. मुतखडा नव्हताच. निघालं भलतंच. लिव्हरवर बऱ्यापैकी चरबी, आणि उजव्या बाजूला हरभऱ्याएवढा ठिपका. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बहुतेक साधाच असेल, पण तुमचा आधीचा आजार बघता एमआरआय करून घ्या." तो 'बहुतेक' घेऊन मी घरी आले, रिपोर्ट दडवून ठेवला आणि तुमच्या जावयांना सांगितलं, गॅस झालाय. तीन दिवस शाळेत पोरं पाढे म्हणत होती आणि माझ्या डोक्यात एकच, परत आला का? मला मरणाची भीती वाटत होती, अण्णा, पण त्याहून जास्त घरातल्यांचे ते जुने चेहरे परत बघायची वाटत होती.

त्या दिवसांत तुमचा एक ओरडा सारखा आठवायचा. मी दहा वर्षांची असेन. कढईत काळा कण दिसतो आणि मी गिऱ्हाइकासमोरच ओरडते, "खवा करपला!" तुम्ही तो कण बोटावर घेता, जिभेला लावता. चुलीतली राख असते. मग माझ्याकडं वळून म्हणता, "आधी चाखून बघावं, मग बोंबलावं. न बघता बोंबललं की खवा बी वाया जातो आन् गिऱ्हाईक बी." चारचौघांत बोललात म्हणून मी दोन दिवस तुमच्याशी अबोला धरला होता.

चौथ्या दिवशी धाकट्याला फोन करून सांगितलं, खवा पाठवू नकोस. तो फुगला. "का गं अक्का? तुझ्या वैनीचा हात बिघडला का?" मग मात्र मी सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, "दाजीला ठावं हाय का?" त्या संध्याकाळी तुमच्या जावयांनाही सांगितलं. एमआरआयला बार्शीला मी, ते, धाकटा आणि वहिनी असे चौघं गेलो. वहिनीनं सवयीनं डबा आणला होता, त्यात खव्याच्याच पोळ्या. मी आत मशिनीत असताना धाकट्यानं घाबरून त्या एकट्यानं संपवल्या.

ठिपका म्हणजे रक्तवाहिन्यांचा साधा गुंता निघाला. कॅन्सर नाही. तिथले डॉक्टर म्हणाले, बहुधा जन्मापासूनचा असेल. म्हणजे मी भट्टीवर बोंबलत होते तेव्हाही तो आत निवांत बसलेला होता! चरबीचं मात्र खरं होतं. काही गोळीमुळं, बरीचशी आमच्या मायेमुळं. गोळी मनानं बंद करायची नाही, रोज चालायचं, गोड आणि तळलेलं आवरायचं, सहा महिन्यांनी परत तपासायचं. धाकट्याला हे काही पटेना. "डॉक्टरसायेब, आमच्याकडं दुधाला फॅट लागली तर कौतुक करत्यात." डॉक्टर म्हणाले, "म्हशीचं करा की. बाईंचं राहू द्या."

आता मी आणि तुमचे जावई सकाळी तासभर चालतो. सहा किलो कमी झालेत. तर आता गल्ली विचारते, "बाई, लई खंगल्या, बरं न्हाय का?" कुणाकुणाला समजवावं!

एक गोष्ट राहिली. डॉक्टरांनी विचारलं होतं, वडील कशानं गेले? मी म्हणाले, माहीत नाही. धाकटा शेजारून म्हणाला, "अचानकच गेले." तसं नव्हतं. मी सोळा वर्षांची होते. गोठ्यात तुम्ही पोट धरून बसला होता आणि म्हणालात, "आईला बोलू नगंस, उगं घाबरंल." अण्णांनी एवढी मोठी गोष्ट फक्त मला सांगितली, ह्याचाच मला गर्व झाला. चार महिने मी गप्प राहिले, आणि मग तुम्ही गेलात. त्या चौथ्या दिवशी मी धाकट्याला फोन लावला तो हेच आठवून. पण धाकट्याला अजून वाटतं तुम्ही अचानक गेलात, आणि ते तसं नव्हतं हे त्याला सांगायचं धाडस मला अजून होत नाही.