पडद्यावरचे लाल ठिपके

३ फेब्रुवारी २०२५
दहावा आठवडा. आज डोळ्यांचे फोटो! बाळ पोटात आणि तपासणी डोळ्यांची — अनीश म्हणाला, "चुकीच्या मजल्यावर नाही ना आलो आपण?" नवरा कुठेही विनोद करतो. मला शाळेपासून डायबिटीस. गरोदरपणात डोळ्यांच्या पडद्यावर ताण येतो म्हणे, म्हणून हे अधूनमधून होणार.

२० फेब्रुवारी
दोन्ही पडद्यांवर बारीक लाल ठिपके. "साखर पटकन खाली आणलीस ना? त्याने कधीकधी आधी थोडं बिघडतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण इन्सुलिन असंच चालू ठेव." म्हणजे शहाण्यासारखं वागले, तर डोळेच रुसले!

४ मार्च
उपाशीपोटी शुगर ५.१ — आपल्याकडच्या मापात ९२. ग्रँड!

२२ एप्रिल
ठिपके वाढलेत. डाव्या डोळ्यात नव्या, नाजूक नसा फुटल्यात. त्यातून रक्त आलं तर नजर जाऊ शकते. लेझर करायचं.
बाळाचा चेहरा दिसेल ना मला? — अनीशला विचारलं नाही. तोही आज विनोद करत नव्हता.

२९ एप्रिल
झालं लेझर! नुसत्या हिरव्या ठिणग्या. बाळाला काही धोका नाही ना, मी तीनदा विचारलं. नर्स तिन्ही वेळा — "नॉट अ बॉदर!" म्हणजे, काळजीच नको.

१२ मे
आई आली पुण्याहून. आमच्या या आयरिश उपनगरात, ओंगारमध्ये, उतरल्या उतरल्या — "एवढी शांतता? कुणी राहतं का इथे?"

९ जून
सकाळ-संध्याकाळ गाजराची कोशिंबीर. "आई, गाजराने नसा नाही गं बऱ्या होत."
"मग मी काय करू, यामिनी? डॉक्टरांना लेझर येतं, मला कोशिंबीर येते."
खाल्ली. दोनदा वाढून घेतली.

१ जुलै
नव्या नसा आक्रसल्या!! रक्त नाही, नवं काही नाही. आईने पार्किंगमध्येच माझी दृष्ट काढली, नुसत्या हातांनी. एक आयरिश आजोबा थांबून बघत होते — त्यांचीही काढली.

७ ऑगस्ट
काल डोळ्यांची शेवटची तपासणी. सगळं ठीक. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब डोळ्यात, तशीच बाळाचे ठोके बघायला गेले — ठोके मंदावलेले. "बाळ आत्ताच काढू," तिथले डॉक्टर म्हणाले.
तासाभरात सिझेरियन. मुलगी!
माझ्या छातीवर ठेवली, आणि थेंबांमुळे जवळचं सगळं धूसर. रडूच फुटलं. अनीशने तिला अलगद उचललं, मागे मागे जात भिंतीला टेकला. "आता?"
दिसली. अख्खी दिसली! नाक माझं आहे.